पहिला तास गावाचा

गोंदिया जिल्ह्याची बैठक या वेळी तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसा येथे भरत आहे. आमचा वाचक बहुतेक कापूस-ज्वारीवाला. वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडून येणाऱ्या मंडळींना हा मुलूख थोडा परका वाटेल. इकडे वावराऐवजी बांधी आहे आणि कपाशीऐवजी धान. ज्या पाण्यासाठी आपण आभाळाकडे डोळे लावून बसतो, ते पाणी इथे टेकड्यांच्या मधोमध अडवून ठेवले आहे. बोदलकशाचे धरण 1917 साली इंग्रजी अमदानीत सिंचनासाठी बांधले गेले. गावोगावचे मालगुजारी तलाव तर त्याच्याही आधीचे. पाहुणे तलाव पाहायला जातीलच, जावेही. पण पाळीवर उभे राहून एक हिशेब करावा, एवढी आमची विनंती आहे.

श्रावणातली रात्र आहे. पाऊस लागून आहे. जमिनीवर वाकळ टाकून निजलेल्या पोराला काहीतरी चावले. गाडी कोणाच्या घरी आहे? ती चालवणारा घरी आहे की बाहेरगावी? गाडीत तेल आहे का? तिरोड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात पोचायला अशा रात्री किती वेळ लागेल? तिथून पुढे पाठवले तर गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत आणखी किती? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गाडी येईपर्यंत त्या पोराजवळ जो कोणी बसला आहे, त्याला काय करावे आणि काय करू नये हे ठाऊक आहे का?

हाच हिशेब राळेगाव, केळापूर, आर्वी, दर्यापूरच्या माणसाने आपल्या वावराच्या धुऱ्यावर उभे राहून करावा. पीक वेगळे असले तरी दवाखान्याचे अंतर तसेच लांब आहे. शहरातला माणूस आजारी पडला की डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो. आपला माणूस पडतो तेव्हा हाकेच्या अंतरावर असतो शेजारच्या वावरातला भाऊ, निंदणाला आलेली बाई, सालगडी, नाहीतर एस.टी.चा कंडक्टर. पहिला तास डॉक्टरच्या हातात नसतोच. तो गावाच्या हातात असतो. गावाने तो नीट वापरला तर पुढचे तास डॉक्टरला मिळतात. गावाने तो घालवला तर मोठ्यात मोठ्या दवाखान्यालाही मग करण्यासारखे फार उरत नाही. या बैठकीपुढे आम्ही एवढीच गोष्ट ठेवत आहोत.

कोणी म्हणेल, हा विषय आरोग्य खात्याचा, चळवळीच्या अंकात कशाला? 2017 साल आठवा. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. 800 च्या आसपास माणसे दवाखान्यात भरती झाली. काहींची नजर अधू झाली. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. बोंडअळी आणि इतर किडींनी पीक ग्रासले होते. औषधात औषध मिसळून, बारीक तुषार उडवणाऱ्या पंपाने, अंगात साधा सदरा आणि पायात काही नाही अशा स्थितीत दिवसदिवस फवारणी चालली. मग माणसे घेरी येऊन पडू लागली. विशेष तपास पथक नेमले गेले. अंगातल्या विषाचा अंदाज देणारी कोलिनेस्टरेज नावाची रक्ततपासणी करण्याची सोय तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हती, हेही उघड झाले.

त्यानंतर वाद माजला तो दोष कोणाचा याचा. कंपनीवाले म्हणाले, शेतकऱ्याने हातमोजे घातले नाहीत. शेतकरी म्हणाला, विकणाऱ्याने सांगितले नाही. अधिकारी म्हणाले, बेकायदा मिश्रण वापरले. हा वाद खोटा नाही. कापसाच्या हंगामात उन्हातान्हात अंगभर रबरी पोशाख घालून फवारा, असे सांगणाऱ्याने एकदा स्वतः पाठीवर पंप घेऊन पाहावा. विष विकून नफा कमावणाऱ्याची, त्याला परवाना देणाऱ्याची आणि दवाखाना रिकामा ठेवणाऱ्याची जबाबदारी आपण मागत राहू. पण धुऱ्यावर पडलेल्या माणसाचा श्वास त्या निवाड्यासाठी थांबून राहत नाही. निवाडा व्हायला वर्षे लागतात आणि त्याच्याजवळ मिनिटे असतात. म्हणून त्या मिनिटांचे काम आधी शिकून घेऊ.

फवारणीचे विष अंगात गेल्याची खूण अशी. डोके दुखते, मळमळते, डोळ्यापुढे धूसर होते. मग घाम फुटतो, तोंडातून लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येते, उलटी-जुलाब होतात, अंगाचे स्नायू फडफडतात. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. शेवटी छातीत घरघर लागते आणि दम कोंडतो. कपाशीवरच्या बऱ्याच जहाल औषधांची खूण हीच. "ऊन लागले असेल, सावलीत पडू दे" असे म्हणून माणसाला झाडाखाली एकटे सोडण्याची चूक इथेच होते.

करायचे ते असे. माणसाला फवारलेल्या वावरातून बाहेर, वाऱ्याच्या उलट बाजूला आणा. अंगावरचे सगळे कपडे काढा, लाज धरू नका, कारण विष कपड्यांतून कातडीत शिरतच असते. साबण आणि भरपूर पाण्याने डोके, केस, बगला, नखे धुवा. डोळ्यांत गेले असेल तर स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटे सोडा. धुणाऱ्याने हातात प्लास्टिकच्या पिशव्या तरी चढवाव्यात, नाहीतर एकाचे दोन रोगी होतात. पोटात गेले असले तरी उलटी करवू नका. मीठपाणी, दूध, तेल, ताक काही पाजू नका. गुंगीतल्या माणसाला पाजलेले दूध पोटात न जाता फुप्फुसात जाते. त्याला डाव्या कुशीवर निजवा, म्हणजे उलटी झालीच तर ती घशात अडकणार नाही. आणि औषधाचा डबा चिठ्ठीसह सोबत न्या. डब्यावरच्या चौकोनात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल सर्वांत जहाल. त्या चिठ्ठीवर विषाचे नाव आणि उताराही छापलेला असतो. डॉक्टरने नेमके कोणते इंजेक्शन द्यायचे हे ठरवण्यासाठी तो कागद हजार प्रश्नांपेक्षा कामाचा आहे. बरे वाटले म्हणून त्याच दिवशी घरी पळून येऊ नका. या विषात माणूस सावरल्यासारखा दिसून पुन्हा खालावतो.

फवारणीच्या दिवशी पाण्याचा एक ड्रम आणि साबणाची वडी धुऱ्यावर ठेवायला फार खर्च येत नाही. पण आमच्या पाहण्यात शंभरातल्या पाच वावरांतही ती दिसत नाही. याचा दोष मात्र आपल्याला कोणा दुसऱ्याच्या पदरात टाकता येणार नाही.

आता सापाची गोष्ट. धानाच्या बांधीत, ज्वारीच्या कडब्यात, पऱ्हाटीच्या ढिगात, सगळीकडे तोच वैरी. देशातल्या मृत्यूंचा मोठा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात साप चावून सुमारे 12 लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. बहुतेक खेड्यांतले. लढाईत एवढी माणसे मेली असती तर दिल्लीत रोज सभा भरल्या असत्या. ही माणसे शेतात मेली म्हणून ते नशीब ठरले. केंद्र सरकारने 2024 साली साप-दंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्मे करण्याचा कार्यक्रम जाहीर केला आहे. कागद चांगला आहे. तो गावात पोचतो की नाही हे आपल्याला पाहायचे आहे.

माणूस मारणारे साप आपल्याकडे मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणसला आपल्या भागात परड म्हणतात. परड आणि फुरसे चावले की जागा सुजते, ठणकते आणि रक्त गोठणे बिघडते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते. नाग चावला की पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते, श्वास मंदावतो. मण्यार सर्वांत फसवी. ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर निजलेल्याला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, दात लागल्याची खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखते, उलटी होते, डोळे उघडत नाहीत. घरचे म्हणतात, रात्रीचे जेवण बाधले. पावसाळ्याच्या दिवसांत जमिनीवर निजलेल्या माणसाचे पहाटे पोट दुखू लागले आणि पापण्या मिटू लागल्या, तर साप पाहिला नसला तरी साप चावला असे समजून निघा. खाटेवर निजणे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणे हा मण्यारीवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

साप चावल्यावर करायच्या गोष्टी थोड्या आहेत. माणसाला निजवा, धीर द्या, चालू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय मोडल्यावर बांधतात तसा काठी किंवा फळी लावून सैल बांधा, म्हणजे तो हलणार नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, करदोडा आधीच काढा, सूज चढली की ते मांसात रुततात. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. आणि निघा. उलटी होत असेल किंवा गुंगी असेल तर कुशीवर निजवून न्या.

न करायच्या गोष्टी मात्र पुष्कळ आहेत आणि आपण नेमक्या त्याच करतो. दोरीने आवळून बांधू नका. विष तर थांबत नाहीच, वर रक्त बंद होऊन पाय कापण्याची पाळी येते. कोणी आधीच आवळले असेल तर वाटेत एकदम सोडू नका, दवाखान्यात डॉक्टरसमोर सोडवा. ब्लेडने चिरू नका. परडीच्या विषात ते रक्त थांबतच नाही. तोंडाने चोखू नका. मिरची चारून, कडुनिंबाचा पाला खाऊ घालून तिखट-कडू लागते का पाहत बसू नका. कोंबड्या लावू नका. साप मारण्यासाठी अर्धे गाव काठ्या घेऊन फिरू नका, त्यात दुसरा माणूस चावला जातो. आपल्याकडे मिळणारी विषावरची लस या चारही सापांवर चालते. डॉक्टर लक्षणे पाहून आणि काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त वीस मिनिटे ठेवून ते गोठते का, हे पाहून ठरवतो. त्यासाठी मेलेला साप लागत नाही.

इथे मांत्रिकाचा प्रश्न येतो. त्याची टिंगल करून काही साधत नाही. गावात रात्री दोन वाजता दार ठोठावले तर उठणारा तो एकच माणूस असतो, हे आपण आधी कबूल करू. शिवाय सापांतले बहुतेक बिनविषारी आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. म्हणून पुष्कळ माणसे मंत्राने बरी झालेली दिसतात आणि विश्वास पक्का होतो. ज्याच्या अंगात खरेच विष भिनले त्याला मंत्र पुरत नाही, आणि तो गेला की उशीर झाला होता असे म्हणतात. उशीर कुठे झाला हे मात्र कोणी विचारत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की मांत्रिकबाबाला गाडीत सोबत घ्या. मंत्र वाटेत म्हणता येतो, लस वाटेत टोचता येत नाही. ज्या गावचा जाणता स्वतःच म्हणेल की आधी गाडी काढा, त्याने गावावर मोठे उपकार केले असे आम्ही समजू.

खेड्यात काही होऊ शकत नाही, सगळे नागपूर-मुंबईतच होते, असे मानणाऱ्यांनी डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे काम आठवावे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून गेला. तिथे लाल विंचू चावून माणसे, विशेषतः पोरे, डोळ्यादेखत मरत होती. त्यांनी रात्र रात्र रोग्याच्या उशाशी बसून टिपणे काढली. भरमसाट घाम, उलट्या, हातपाय गार पडणे आणि मग हृदय थकणे, हा क्रम ओळखला. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी वापरून पाहिली. जिथे 100 गंभीर रोग्यांपैकी 30 च्या आसपास दगावत, तिथे हे प्रमाण एकाच्या आसपास आले. हे निरीक्षण इंग्लंडच्या लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय पत्रिकेने छापले, आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. यात मोठी इमारत नव्हती, महाग यंत्र नव्हते. खूण ओळखणारा माणूस जागेवर होता, एवढेच. आपल्याला डॉक्टर होता येणार नाही, पण खूण ओळखता येईल. विंचू चावल्यावर नुसतीच जागा ठणकत असेल तर भीती कमी असते. घाम, उलटी आणि गार हातपाय दिसले की मिनिटभरही घालवू नका.

बोदलकशाच्या पाळीवर उभे असतानाच पाण्याचे आणि विजेचे बोलून घेऊ. बुडणाऱ्याला पाहून पट्टीचा पोहणाराही उडी घालतो आणि दोघे जातात. आधी काठी, दोर, धोतर, लुगडे, रिकामा डबा, जे हाती लागेल ते फेका. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे, यात जो वेळ जातो तोच त्याचा जीव असतो. पाणी काढायचे नसते, श्वास द्यायचा असतो. श्वास नसेल तर उताणे निजवा, हनुवटी वर करून मान मागे न्या, नाक दाबून तोंडाने छाती वर येईल असे दोन श्वास द्या. मग छातीच्या मधोमध हाडावर एका हाताचा तळवा, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ ठेवून दोन इंच खाली जाईल इतके जोराने दाबा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब. दर तीस दाबांनंतर दोन श्वास. मदत येईपर्यंत आळीपाळीने चालू ठेवा. फवारणीचे विष ज्याच्या तोंडाला लागले आहे त्याला मात्र तोंडाने श्वास देऊ नका, नुसती छाती दाबा.

वीज अंगावर पडलेल्या माणसालाही हाच उपाय. त्याच्या अंगात वीज उरलेली असते, हात लावला तर आपल्याला झटका बसतो, हा समज खोटा आहे. त्याला शिवता येते आणि शिवलेच पाहिजे. वीज पडून निपचित झालेली पुष्कळ माणसे छाती दाबून परत येतात. मोटारपंपाच्या तारेला चिकटलेल्या माणसाची गोष्ट उलट आहे. तिथे आधी फ्यूज काढा, बटण बंद करा. ते जमले नाही तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने तार दूर करा, पण हात लावू नका. तार खांबावरून तुटून पडलेली असेल तर लाकूडही नको. दूर उभे राहा, कोणाला जवळ जाऊ देऊ नका आणि वीज मंडळाकडून लाईन बंद करवून घ्या. आणि आभाळ गरजू लागले की मोहाच्या झाडाखाली गर्दी करू नका. वीज चमकल्यावर तीस अंक मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती अंगावर आली असे समजा. पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

उन्हाळ्यात पऱ्हाटी उपटताना, तुरीच्या काड्या गोळा करताना माणूस भकल्यासारखा बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तव्यासारखे तापले, तर तो उष्माघात. कांदा खिशात ठेवून तो उतरत नाही. सावलीत न्या, कपडे काढा, सबंध अंग ओले करून पंख्याने किंवा धोतराने वारा घाला, बगलेत आणि जांघेत ओल्या घड्या ठेवा. शुद्ध असेल तर घोट घोट मीठ-साखरेचे पाणी द्या. शुद्ध नसेल तर थेंबही नको. अंग गार करणे चालू ठेवतच दवाखान्यात न्या.

आणि एक शेवटचे. चाळिशी-पन्नाशीतला माणूस छातीत दाबल्यासारखे होते, डावा हात किंवा जबडा दुखतो, घाम सुटला, असे म्हणाला तर "गॅस झाला" म्हणून सोडा पाजून निजवू नका. एकाएकी तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, जीभ अडखळली, तर "वारे गेले" म्हणून तेल चोळत बसू नका. हृदयाचा झटका असो की मेंदूचा, दोन्हींवर औषध आहे, पण ते पहिल्या काही तासांतच चालते.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, इतके सगळे कळूनही हात मागे राहतो त्याची कारणे तीन आहेत. पहिले भीतीचे: पोलीस केस होईल, आपल्यालाच अडकवतील. सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच सांगितले, की जखमीला आधी उपचार मिळाले पाहिजेत, पोलिसांचे कागद मागाहून. सरकारी असो की खाजगी, कोणीही डॉक्टर त्यात अपवाद नाही. रस्त्यावर अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्रास देता येणार नाही, हे न्यायालयाने 2016 साली ठरवले आणि 2019 साली ते मोटार वाहन कायद्यातही आले. दुसरे कारण पैशाचे. 108 ची गाडी राज्यात 2014 पासून आहे, तिचे भाडे लागत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क आहेत. कोणी पैसे मागितले तर पावती मागा. तिसरे कारण बोलायला कठीण आहे. निंदण करताना बाईला साप चावला तर ती आधी काम पुरे करते, मग घरी येते, मग घरधनी येईपर्यंत वाट पाहते. बाईच्या तासाची किंमत पुरुषाच्या तासाहून कमी आहे असे विष मानत नाही. निघण्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही, हे प्रत्येक घरात आजच ठरावे.

वाईट घडलेच तर कागदही सांभाळावे लागतात. साप, वीज, पाणी, विषबाधा यांत शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत घरच्यांना 2 लाख रुपये मिळू शकतात. पण दवाखाना टाळून, पंचनामा न करता अंत्यविधी उरकला तर हाती काही पुरावा राहत नाही. माणूस जातो आणि मागच्यांच्या हक्काचे पैसेही जातात. अर्थात आमचा खटाटोप हे पैसे मिळवण्यासाठी नाही, ते मागण्याची वेळच येऊ नये यासाठी आहे.

म्हणून या बैठकीने ठराव करावा आणि प्रत्येक गावाने तो पुढच्या पावसाळ्याआधी पुरा करावा. गावातल्या गाड्या आणि चालवणाऱ्यांची नावे, 108 आणि आरोग्य केंद्राचा फोन, हे शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावे. रात्रीच्या गाडीची पाळी लावावी, तेलाचा खर्च गावाने वाटून घ्यावा. दोन बाया आणि दोन पुरुष अशा चौघांनी आरोग्य केंद्रात जाऊन छाती दाबण्याचे आणि हातपाय बांधण्याचे काम हाताने शिकावे. हे नुसते वाचून येत नाही, हा अंक वाचूनही येणार नाही. तलाव असेल तिथे पाळीवर दोर आणि हवा भरलेली ट्यूब टांगावी. फवारणीच्या वावरात पाणी आणि साबण ठेवावा. आणि ग्रामसभेत दर जूनमध्ये एक प्रश्न विचारावा: आपल्या आरोग्य केंद्रात आज सापाच्या विषावरची लस किती आहे, विषबाधेवरचे ॲट्रोपिन किती आहे, आणि रात्री ते टोचणारा डॉक्टर कुठे राहतो? उत्तर फळ्यावर लिहून मागावे. उत्तर मिळाले नाही तर काय करायचे हे चळवळीच्या माणसाला शिकवावे लागत नाही.

कापसाला भाव मिळावा म्हणून आपण रस्त्यावर बसलो, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेलो. ज्याच्या घामाचे दाम मागतो तो माणूसच धुऱ्यावर विनाकारण मरून गेला, तर ते दाम घरी कोण नेणार? बोदलकशाहून परत जाताना प्रत्येकाने आपल्या गावाचा हिशेब सोबत न्यावा: दवाखाना किती मिनिटांवर आहे, आणि तोवर जवळ बसणारा कोण आहे.